धामणझरीचा सगळ्यात उंच स्तंभ

९ जानेवारी

चारही गावांचे अर्ज आज एकदाचे ऑफिसात आले. रीनाने आणि तिच्याबरोबरच्या मुलींनी गठ्ठे माझ्या टेबलावर आदळले, हुश्श केलं आणि चहा मागवला. त्यांचं काम संपलं, माझं आता सुरू. अर्ज भरत दारोदार फिरणं हे पायांचं काम, असं मी कोणाच्या तोंडावर म्हणणार नाही, पण डायरीत लिहायला काय जातं? खरी मजा पुढे आहे. शेकडो घरांतली बडबड एका तक्त्यात बसवायची, त्या तक्त्याचा आलेख काढायचा, आणि तो असा की बघणाऱ्याला काही विचारावंच लागू नये. मागच्या अहवालात कोणीतरी गोल आलेख काढून त्यात नऊ रंग भरले होते. तो पाहून माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं.

या खेपेला काम मोलाचं आहे. एका ट्रस्टने आमच्या संस्थेला रुग्णवाहिका देऊ केली आहे. एकच. ड्रायव्हर आणि डिझेलसकट. ती चारपैकी एका गावात उभी राहणार, आणि कोणत्या गावात हे ठरवण्यासाठी हा सर्वे. प्रश्नाला पाच उत्तरं, 'पूर्ण समाधानी'पासून 'अजिबात समाधानी नाही'पर्यंत. नियम सरळ आहे. दवाखान्यात पोचण्याच्या सोयीबद्दल ज्या गावचे लोक सगळ्यात कमी समाधानी, त्या गावाला गाडी.

चारांत आमचं धामणझरी आहे. म्हणजे निकाल मला आजच माहीत आहे. जंगलाच्या कडेचं गाव, मुख्य रस्ता लांब, पावसाळ्यात पुलावरून पाणी. मागच्या वर्षी बाबांना शेतात घोणस चावली तेव्हा बोलावलेली गाडी आलीच नाही. दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून नेलं. जीव वाचला, उजव्या पायाची दोन बोटं गेली. आणि यंदा कैलासदादाच्या बायकोला, अंकितावहिनीला, सातवा लागला आहे. रक्त कमी, बीपी जास्त. नर्स मंदाबाईंनी बजावून ठेवलंय की बाळंतपण गावात करायचं नाही, कळा सुरू झाल्या की थेट वर्ध्याला आणायचं. कशात घालून आणायचं, ते मंदाबाई तरी कुठून सांगणार?

धनंजय सर आमच्या विभागाचे प्रमुख. माझं गाव यादीत आहे हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, "मग तर तुम्ही जास्तच काटेकोर राहाल." मला बरं वाटलं.

११ जानेवारी

रीना नाचणगावची आहे, बोलायला मोकळी. आज आकडे भरताना म्हणाली, "ताई, तुमच्या गावातले लोक पाचातलं एकही उत्तर धड देत नाई. कायी इचारलं का 'बरं हाय जी' म्हनते."

"मग काय लिहिलंस?"

"तुमीच ट्रेनिंगमध्ये सांगतलं होतं ना, बरं म्हटलं का 'समाधानी'त टाकजो."

बरोबर. मीच सांगितलं होतं. दोन गोष्टी मी मुलींकडून घोकून घेतल्या होत्या. 'बरं' म्हणजे 'समाधानी'. आणि उत्तर सुचवायचं नाही, गाडीचा तर विषयसुद्धा काढायचा नाही. गाडी मिळणार हे कळलं की जो तो गळा काढतो आणि सर्वेची माती होते.

मोहतळ्याचं मात्र उलटं झालं म्हणे. मोहतळा हिंगणघाटच्या बाजूला, हायवेला लागून, दारात एसटी आणि ऑटो. तिथे एका आजोबांनी रीनाला विचारलं, "अजिबात समाधानी नाई, याच्या खाली अजून एखादा रकाना हाय काय?" आम्ही दोघी खूप हसलो.

१५ जानेवारी

तक्ता तयार झाला.

धामणझरी, समाधानी ८८ टक्के. मधली दोन गावं ६७ आणि ५९. मोहतळा ३४.

सूत्रं तपासली. अर्ज पुन्हा हाताने मोजले. रकाने उलटे तर लागले नाहीत ना, म्हणून सगळं पुसून पुन्हा भरलं. तेच उत्तर. माझ्या कामात चूक सापडावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले. सापडली नाही. मी चुका करतच नाही, हेही आजच कळायचं होतं!

कालचा तिळगूळ टेबलावर तसाच पडलाय.

१९ जानेवारी, रविवार

गावी जाऊन आले. बाबा अंगणात उन्हाला पाय पसरून बसले होते. टेकल्याबरोबर मी विषय काढला, "बाबा, सर्वेवाली पोरगी आलती ना आपल्या घरी?"

"आलती ना. गरीब पोट्टी. फिरून फिरून तोंड सुकलं होतं तिचं. तुया आईनं चहा देल्ला, भाजलेल्या शेंगा देल्ल्या."

"अन् तुमी काय सांगतलं?"

"पाचापैकी पाच देल्ले!" बाबा अशा थाटात म्हणाले की जणू मीच परीक्षेला बसले होते आणि त्यांनी पेपर तपासला होता.

"बाबा, तुमच्या पायाची बोटं गेली."

"मंग? ते काय तिनं तोडली?"

मी कपाळाला हात लावला. बाबांना खरंच कळेना की मी का चिडले. म्हणाले, "घरी आलेल्या मानसाले आपलं दुखनं सांगत बसावं काय? दोन घटका टेकली, चहा पेली, अन् जातानी तिच्या पदरात आपलं रडगानं बांधून द्यावं? असं कोनी करत असते काय?"

आई आतून म्हणाली, "अन् सोय बरी नाई म्हटलं का पह्यले मंदाबाईलेच धरतीन. पाच गावं करते बिचारी एकटीच. तिच्या पोटावर पाय कायले द्यायचा?"

मी म्हटलं, मंदाबाईंचा यात संबंध नाही. आई म्हणाली, "तुले ठाऊक हाय, कागदाले ठाऊक हाय काय?"

अंकितावहिनी चुलीपाशी होती. ताटं वाढताना हळूच म्हणाली, "ताई, माई मामेबहीन मोहतळ्याले देल्ली हाय. तिचा फोन आलता. त्याइच्या गावात म्हने कोनीतरी सांगून गेलं का नाई म्हटलं त गाडी भेटते. म्हून समद्याइनं नाई नाईच सांगतलं. असंच हाय काय ते?"

मी म्हटलं, "वहिनी, मले नाई सांगता येत."

"म्हंजे असंच हाय."

"तू चूप बस," बाबा म्हणाले. "मोहतळ्याचे करते तसले धंदे. आपन नाई."

"बाबा, हे खोटं थोडीच हाय? खरं तेच सांगायचं हाय."

"खरं घरात सांगायचं असते," बाबा म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले. माझे वडील जगातले सगळ्यात हट्टी गृहस्थ आहेत.

२१ जानेवारी

सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, धामणझरीचे आकडे एकदा पुन्हा तपासून घ्यावेत असं वाटतं."

"का? उत्तर आवडलं नाही?"

"तसं नाही सर. पडताळणी म्हणून." मग मोहतळ्याची बातमी सांगितली. कोणाकडून कळली, असं त्यांनी विचारलं. वहिनीची मामेबहीण, असं सांगताना मलाच कसंतरी झालं. सर हसले. "आकांक्षा, वहिनीची मामेबहीण तक्त्यात कोणत्या रकान्यात टाकायची?"

तरी दुसऱ्या फेरीला हो म्हणाले. अट अशी की प्रश्न रीनाने विचारायचे, मी नुसतं सोबत राहायचं आणि कोणाला एक अक्षर सुचवायचं नाही. मी म्हटलं, "ठीक आहे सर." जीव भांड्यात पडला. दुसऱ्या फेरीत रीनाला 'बरं हाय'वर थांबू देणार नाही. नीट पाचही उत्तरं वाचून दाखवायची.

२ फेब्रुवारी, रविवार

रीनाबरोबर दुसऱ्या फेरीला गेले.

फाट्यावर उतरून गावात शिरलो तर रस्ता झाडलेला. शाळेपुढे रांगोळी. बाबाराव, म्हणजे आमचे सरपंच, पांढरा सदरा घालून उभे. मला वाटलं कोणी पुढारी येणार असेल. तर ते आमच्याकडेच आले. रीनाला खुर्ची दिली, मला बाजूला घेतलं.

"आकांक्षाबाई, तू कायी चिंता नको करू. गाडीचं आमाले समजलं हाय. काल मंदिराच्या भोंग्यावरून समद्याइले सांगून देल्लं. एकबी घर कमी पडनार नाई."

"काय सांगितलं?"

"पूर्न समाधानी म्हना म्हनून! तंटामुक्तीत पह्यला नंबर आला तवा कमान भेटली. स्वच्छतेत दुसरे आलो त नुसतं सर्टिफिकेट देल्लं. या खेपी नंबर सोडनार नाई. गाडी आपलीच."

आमच्या गावाने आजवर जे काही मिळवलं ते स्पर्धेत मिळवलं. समिती येते, गाव आवरून दाखवायचं, चांगलं चांगलं सांगायचं, पहिलं येणाऱ्याला बक्षीस. बाबारावांना दुसरं काय सुचणार? हसून हात चोळत होते. उलटं आहे काका, एवढे तीन शब्द. ते माझ्या जिभेवर होते. पण मग हे सर्वेक्षण उरलं नसतं. सरांनी मला तेवढ्याचसाठी बजावलं होतं, आणि मी स्वतः पोरींना तेच घोकवलं होतं. गाव माझं आहे म्हणून नियम मोडायचा, तर मग मोहतळ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? मी रीनाला हाक मारली आणि पहिल्या घराकडे निघाले.

घरोघर तेच. रीना पाच उत्तरं वाचायच्या आत लोक म्हणायचे, "पूर्न समाधानी, लिव बाई." मंगरूकाकांचं घर गावाच्या टोकाला आहे. त्यांचा नातू मागच्या पावसाळ्यात तापाने गेला, पुलावर पाणी होतं म्हणून पलीकडे नेताच आला नाही. त्यांनी हात जोडून सांगितलं, "पूर्न समाधानी." वरून विचारलं, "बराबर सांगतलं ना वो बाई?" मी मान खाली घातली.

आमच्या घरी बाबा, आई दोघंही पूर्ण समाधानी. मग रीनाने वहिनीला विचारलं. वहिनी पदर सावरून म्हणाली, "अजिबात समाधानी नाई. लिव. कळा आल्यावर मी मोटरसायकलवर बसू काय?"

बाबा शरमले. रीनाला म्हणाले, "लेकरू हाय ते, नको लिहू." रीनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जे म्हणाली तेच लिही."

वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला माझा राग का यावा, कळत नाही. तिचं उत्तर लिहायला मीच तर सांगितलं.

६ फेब्रुवारी

दुसऱ्या फेरीचा आकडा आला. ९६.

११ फेब्रुवारी

आलेख काढला. मन लागत नव्हतं, पण एकदा बसले की माझे हात आपोआप चालतात. साधे उभे स्तंभ. खालची रेघ शून्यापासून, नाहीतर फरक उगाच मोठा दिसतो. गावांची नावं कशीही न लावता उतरत्या क्रमाने, म्हणजे डोळा डावीकडून उजवीकडे सरळ जातो. डावीकडे पहिलं धामणझरी, शेवटी मोहतळा. मी लाल रंगात 'असमाधानी' लोकांचे स्तंभ काढले होते. सर म्हणाले, "नाही नाही, चांगली बाजू दाखवा. असमाधान मोठं दाखवलं की वरचे लोक आमच्याचवर उखडतात." म्हणून 'समाधानी' हिरव्या रंगात काढले.

खाली तळटीप टाकायचं मी आधीच ठरवलं होतं. दुपारभर शब्द जुळवले. "धामणझरी येथे घरी आलेल्या पाहुण्यापुढे गाऱ्हाणं न मांडण्याची रीत आहे. तसेच दुसऱ्या फेरीत ही स्पर्धा असल्याचा गावकऱ्यांचा समज झाला होता. या गावाचे आकडे सावधपणे वाचावेत."

चार ओळींत सगळं आलं. मला माझाच अभिमान वाटला. उद्या सरांना दाखवते.

१२ फेब्रुवारी

सरांनी तळटीप वाचून चष्मा काढला.

"आकांक्षा, पडताळणी तुम्हीच मागितली. पडताळलं. आकडा वाढला. आता म्हणता आकड्यावर विश्वास ठेवू नका. मग बाकीच्या तीन गावांवर तरी का ठेवायचा?"

ते पुढे म्हणाले, "तळटीप म्हणजे शंका. शंका असलेल्या कागदावर कोणी पैसे देत नाही. आणि तुमचं गाव ते. लोक काय म्हणतील, याचाही विचार करा. तुमच्या कराराची मुदत मार्चअखेर वाढवायची आहे मला."

"ठीक आहे सर."

पुसली. खरं सांगायचं तर तळटीप गेल्यावर पान फारच मोकळं आणि सुंदर दिसायला लागलं. हे मला आवडलं, आणि आवडलं याची आता लाज वाटतेय.

१८ फेब्रुवारी

सादरीकरण झालं. ट्रस्टचे दोन साहेब आणि संस्थेची मंडळी. गावांतलं कोणी बोलावलेलं नव्हतं. मी पडद्यावर तक्ता दाखवला, मग आलेख. कोणी एक प्रश्न विचारला नाही. ट्रस्टचे मोठे साहेब म्हणाले, "इतकं स्वच्छ काम फार दिवसांनी पाहिलं. लहान मुलालाही कळेल." टाळ्या वाजल्या. मग म्हणाले, "तुम्ही धामणझरीच्याच ना? चांगलं गाव दिसतंय. या आकड्यांबद्दल आणखी काही सांगायचं आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सरसुद्धा.

"नाही सर. धन्यवाद."

गाडी मोहतळ्याला. एप्रिलपासून. बैठकीला समोसे होते, मी दोन खाल्ले. मग संडासात जाऊन रडले.

माझ्या लोकांना साधं 'त्रास आहे' म्हणता आलं नाही. चहाच्या कपापायी गाडी घालवली. कोणी काही विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. मला त्या सगळ्यांचा संताप येतोय, बाबांचा सगळ्यात जास्त.

२२ फेब्रुवारी

निदान वहिनीची सोय लावली. दादाशी फोनवर बोलले. नववा लागला की तिला माझ्या खोलीवर आणायचं. माझी खोली वर्धा स्टेशनजवळ आहे, मोठा दवाखाना ऑटोने फार तर अर्धा तास. दादा तयार, आई तयार. बाबा "पाहू" म्हणाले, म्हणजे हो. आठ मार्चला शनिवार आहे, त्या दिवशी जाऊन घेऊन येते. घरमालकीणबाईंकडून एक जादा गादी मागून ठेवली.

किती दिवसांनी नीट झोप लागेल असं वाटतंय.

३ मार्च

बाबारावांचा फोन. आधी नुसतंच हसत होते. "आकांक्षाबाई, पेढे घे! आला ना पह्यला नंबर!"

सरांनी चारही गावांना अहवालातलं एकच पान मोबाइलवर पाठवलं आहे. आलेखाचं. बाकीचं कोण वाचतं, म्हणून. पानावर गाडीचा उल्लेख नाही, ट्रस्टचं पत्र वेगळं यायचं आहे. बाबारावांनी हिरवा स्तंभ पाहिला, सगळ्यात डावीकडे, सगळ्यात उंच. खाली आपल्या गावाचं नाव.

"आठ तारखेले महिला दिन हाय. तुया सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. नाई म्हनू नको."

मी म्हटलं, "काका, ऐका ना, ते पान..."

"पान नाई, मोठं फ्लेक्स करून घेतलं हिंगणघाटवरून!" आणि फोन ठेवला.

सांगायचं. शनिवारी समोरासमोर सांगायचं. आता सर्वे संपला आहे, नियमाची अडचण नाही.

८ मार्च

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझा आलेख लावला होता, दारापेक्षा उंच. त्याला झेंडूचा हार घातला होता. हार नेमका धामणझरीच्या स्तंभावर यावा म्हणून खिळा डावीकडे ठोकला होता. लहान पोरं जाऊन त्या स्तंभाला हात लावून बघत होती. मंदाबाईंनाही बोलावलं होतं. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "माझ्यामुळे गावाचा नंबर आला म्हणतायत सगळे. मला तर काही कळेनासं झालंय."

बाबारावांनी भाषण केलं. गाडी कुठे उभी करायची तेही ठरवलं आहे, शाळेच्या बाजूला, पिंपळाखाली. पत्र्याचं शेड टाकायला वर्गणी जमली. मंगरूकाकांनी सगळ्यात आधी दिली, हे त्यांनी नाव घेऊन सांगितलं. टाळ्या. मग मला शाल घातली आणि दोन शब्द बोल म्हणाले.

मी उभी राहिले. पहिल्या रांगेत बाबा होते, धुतलेलं धोतर, पायात नवीन चप्पल, ती बोटं नसलेल्या पायात बसत नव्हती म्हणून दोरीने बांधलेली. असं फुलून आलेलं मी त्यांना माझ्या पदवीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "सगळ्यांचे आभार." आणि बसले. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं.

घरी आल्यावर मात्र मी वेळ घालवला नाही. वहिनीची पिशवी भरलेली होती, पाय सुजलेले, भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "चला वहिनी, फाट्यावर पोचायले वेळ लागते."

बाबा म्हणाले, "कुठी?"

"वर्ध्याले. ठरलं होतं ना."

"तवा गाडी नव्हती. आता गाडी येऊन राह्यली ना दारात. आज गावानं तुया सत्कार केला, अन् आपलीच सून बाळंतपनाले बाहेर नेली त लोक काय म्हनतीन? खुद्द बापाचाच आपल्या पोरीच्या गाडीवर भरोसा नाई?"

"बाबा, गाडी येत नाई. गाडी मोहतळ्याले गेली."

बाबा हसले. आईही हसली. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"खरंच सांगतो बाबा. जिथं लोक समाधानी नाई, तिथं गाडी द्यायची होती. आपन समाधानी निघालो. म्हून नाई भेटली. एप्रिलमध्ये मोहतळ्यात उभी राह्यते ती."

"म्हंजे शेवटल्या नंबराले बक्षीस?" बाबा म्हणाले. "असं जगात कुठं असते काय, बाई?"

"मी तेव्हाच म्हनत होतो," वहिनी म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

मी खूप बोलले. नियम सांगितला, बैठक सांगितली, टक्के सांगितले. आवाज चढला, रडलेही. बाबांनी शांतपणे खिशातून मोबाइल काढला. बाबारावांनी पाठवलेलं ते पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. मोहतळ्याच्या बुटक्या स्तंभावर बोट ठेवलं, मग आमच्या.

"हे पाह्य. ते कुठी, अन् आपन कुठी. मले लिहिता येत नाई, पन एवढं त दिसते. अन् हे तूच काढलं ना?"

"हो बाबा. मीच काढलं."

"मंग."

त्यांनी वहिनीची पिशवी उचलली आणि आत नेऊन खुंटीला अडकवली. वहिनी उठून चहा ठेवायला गेली, एका हाताने कंबर धरून.

संध्याकाळच्या गाडीने मी एकटीच वर्ध्याला परत आले.